वहीवरचा तळहात

आमच्या दुकानात वाशाला दोऱ्याचे एक रीळ टांगलेले असे आणि त्याचे टोक वडिलांच्या डाव्या कानापाशी लोंबत असे. रद्दीच्या पानाची पुडी वळायची, तिच्यात पावशेर साखर ओतायची, तोंड दुमडायचे, वर न पाहता हात दोऱ्याकडे न्यायचा, दोन वेढे घालून झटक्यासरशी दोरा तोडायचा; हे सगळे होईपर्यंत समोरचे गिऱ्हाईक बोलत असे आणि वडील ऐकत असत. सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीपासून काही मैलांवरचे ते किराणा दुकान. शाळेतून आले की मी गल्ल्याशेजारच्या तांदळाच्या पोत्यावर बसून अभ्यास करीत असे, आणि अभ्यासापेक्षा जास्त ते बोलणेच माझ्या कानावर पडत असे.

आमच्या भागातली निम्मी घरे तेव्हा मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बायका दुपारच्या वेळी, दुकानात गर्दी नसताना येत. त्यांतली एक मला अजून दिसते. ती बाटली घेऊन यायची, ती पुरती फळीवर न ठेवता पदराखालीच धरायची, आणि तेल घेऊन झाल्यावर हलक्या आवाजात म्हणायची, "मांडून ठेवा हां, शेटनू. मनिऑर्डर इली काय देतंय." वडील मान हलवीत आणि उधारीची वही उघडीत. लिहिताना त्यांचा डावा तळहात वहीच्या पानावर आडवा पडलेला असे. तेवढ्यात दुसरे कोणी दुकानात आले, तर त्याला त्या पानावरचे नाव वा आकडा दिसू नये, एवढ्यासाठी. त्यांनी हे कधी बोलून दाखवले नाही, आणि मलाही ते तेव्हा कळले नव्हते. गावातल्या प्रत्येक घरात चुलीवर काय शिजते आणि कुठल्या घरात काही शिजत नाही, हे त्या वहीत होते, आणि त्या वहीवर तो तळहात होता.

दामोदर मावजो यांच्या कथा-कादंबऱ्या वाचताना मला तो तळहात आठवतो. आपल्या काळातल्या या मोठ्या कोंकणी लेखकाने आयुष्याची कित्येक दशके गावातल्या दुकानात घालवली आहेत, हे मला त्यांचे पहिले पुस्तक वाचून बऱ्याच दिवसांनी समजले, आणि समजले तेव्हा आश्चर्य असे वाटलेच नाही.

मावजो यांचा जन्म १ ऑगस्ट १९४४ चा, दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात, समुद्राकाठच्या माजोर्डा गावी. सुरुवातीचे शिक्षण मराठी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत झाले, मग मडगावच्या शाळेत इंग्रजीतून. गोवा मुक्त झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. पुढे ते मुंबईला आले, माटुंग्याच्या पोदार महाविद्यालयातून १९६६ साली बी. कॉम. झाले आणि गावी परतून घरचे दुकान पाहू लागले. वाणिज्याची पदवी घेतलेला मुलगा दुकानात बसला, एवढीच ही गोष्ट तेव्हा गावाला दिसली असेल. कोंकणीत अशा लहान दुकानाला पसरो म्हणतात आणि दुकानदाराला पसरकार. शब्दात पसरलेपण आहे. सगळे उघड्यावर मांडलेले, कोणीही यावे, हाताळून पाहावे, भाव विचारावा आणि जावे.

दुकानाच्या फळीमागे उभे राहणाऱ्या माणसाला जे कळते, ते शिक्षकाला, डॉक्टरला किंवा पत्रकाराला कळत नाही, असे माझे मत आहे. डॉक्टरकडे माणूस आजार घेऊन जातो, वकिलाकडे भांडण घेऊन जातो. दुकानात तो रोज जातो, आणि काही सांगायला जात नाही. सांगतो त्याची खरेदी. काल अर्धा किलो तांदूळ नेणाऱ्या घराने आज दोन किलो नेले म्हणजे पाहुणे आले. रोज एक काडेपेटी नेणाऱ्या म्हाताऱ्याला आज फुलबाजीचा डबा हवा आहे म्हणजे नातू आला. एखाद्या बाईने साबणाची महागडी वडी हातात घेऊन, हुंगून, पुन्हा जागेवर ठेवली, तर त्या दोन क्षणांत एक आख्खी कथा आहे. आणि ती पाहणाऱ्याला फक्त एवढेच करता येते की आपण पाहिले नाही असे दाखवणे. मावजो यांच्या लेखणीला ही सवय आहे. त्यांच्या कथांत माणूस काय करतो ते अगदी जवळून दिसते, त्याच्या खिशात किती पैसे आहेत हे बहुधा ठाऊक असते, आणि तरीही लेखक त्याच्याकडे रोखून पाहत नाही.

मराठीत 'मांडणे' हे क्रियापद दुकानदार आणि लेखक दोघेही वापरतात. हिशेब मांडतात आणि विषयही मांडतात. माझ्यापुरते बोलायचे तर मावजो वाचण्यापूर्वी या दोन मांडण्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते.

त्यांचा पहिला कथासंग्रह 'गांथन' १९७१ साली आला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, 'कार्मेलीन' ही कादंबरी आली आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पुढे तिची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली. मला ती मूळ कोंकणीतच मिळाली, मडगावला मावशीकडे गेले असताना, तिच्या शेजारणीच्या कपाटात. ही कोंकणी देवनागरीत छापलेली आहे, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला अक्षरांची अडचण नसते. अडचण असते ती मनाची, आणि तिच्याकडे मला थोडे सविस्तर यावे लागेल.

कार्मेलीन ही सासष्टीतली गरीब ख्रिस्ती घरातली बाई आहे. लग्न, नवऱ्याचे पिणे, संसाराची ओढाताण आणि मुलगी बेलिंदा हे सगळे तिच्या वाट्याला येते, आणि शेवटी या मुलीसाठीच ती घरकामाला कुवेतला जाते. १९७० नंतर तेलाच्या पैशाने आखाताची दारे उघडली, तेव्हा गोव्यातून पुरुष गेले तसेच बायकाही मोठ्या संख्येने गेल्या, आया म्हणून, स्वयंपाकीण म्हणून, परक्या घरातल्या लेकरांना न्हाऊमाखू घालायला. त्याआधीही गोव्याची माणसे बाहेर जातच होती. आफ्रिकेत जात, बोटींवर तारवटी म्हणून जात, मुंबईच्या क्लबांत आणि वाद्यवृंदांत जात. पण तारवट्याबद्दल गाणी झाली, त्याच्या येण्याजाण्याचे सोहळे झाले. आया म्हणून गेलेल्या बाईबद्दल कोणी बोलत नव्हते. तिने पाठवलेल्या पैशातून घराला नवे कौल चढले, मुलीला चांगली शाळा मिळाली, गावाने ते कौल पाहिले आणि पुढचे विचारले नाही.

मावजो यांनी ते पुढचे लिहिले. मालकाच्या घरात त्या बाईचे काय होते, तिच्या शरीराचे काय होते आणि त्याहून अवघड म्हणजे तिच्या मनात त्या सगळ्याचा हिशेब कसा लागतो, हे त्यांनी लिहिले. मी बाई म्हणून हे पुस्तक सावधपणे उघडले होते. पुरुषाने लिहिलेल्या अशा गोष्टींत बाई एक तर देवी होते, नाहीतर दयेचा विषय होते, आणि दोन्हींत तिचे स्वतःचे असे काही उरत नाही. कार्मेलीनचे तसे झालेले नाही. तिच्या हातून चुका होतात, तिला हवेसे वाटते, ती थकते, तिला लाज वाटते आणि लाजेच्या पलीकडेही ती जगते. लेखक तिची वकिली करीत नाही आणि तिला न्यायासनासमोर उभीही करीत नाही. ती मांडून ठेवतो. तिच्या आयुष्यातले प्रत्येक देणे-घेणे त्या पानावर आहे, आणि तरीही वाचताना पुन्हापुन्हा वाटत राहते की पानावर कोणाचा तरी हात आडवा आहे, तिची आब राखणारा.

हे साधते कसे, याचा विचार मी अनेकदा केला आहे. एक कारण मला भाषेत दिसते. परदेशातल्या घरात जे घडते ते सांगताना भाषा चढत नाही, ती बाजारहाटाच्या, स्वयंपाकघराच्या आवाजातच राहते. ज्या आवाजात मासळीचा भाव विचारायचा, त्याच आवाजात अपमान सांगायचा. ज्यांनी अशा बायकांना बोलताना ऐकले आहे त्यांना ठाऊक असेल की त्या असेच बोलतात. मोठे दुःख सांगताना त्यांचा आवाज खाली येतो आणि हात काहीतरी निवडत, काहीतरी आवरत राहतात.

दुसरी गोष्ट अशी की मावजो हे हिंदू घरातले, आणि त्यांच्या लेखनाचा फार मोठा भाग ख्रिस्ती माणसांनी भरलेला आहे. सासष्टीत ख्रिस्ती वस्ती मोठी, तेव्हा गिऱ्हाईकही तेच, शेजारीही तेच. पण शेजारी असणे आणि त्यांच्या घरातले आतून लिहिणे यांत अंतर आहे. मराठी कथेत ख्रिस्ती माणूस आला की त्याच्या बोलण्यात 'हमको' 'तुमको' येते, हातात बाटली येते, आणि तो विनोदापुरता येऊन निघून जातो. हे मला पूर्वी कधी खटकले नव्हते, 'कार्मेलीन' वाचल्यावर खटकू लागले. इथे प्रार्थना, लादीनची म्हणजे सामूहिक प्रार्थनेची गाणी, चर्चच्या सणाची तयारी आणि त्या तयारीसाठी काढलेले कर्ज, हे सगळे त्या माणसांच्या श्वासाइतके सहज येते. यात एक सल मात्र आहे. त्या घरांतली पुष्कळ मोठी माणसे कोंकणी वाचतात ती रोमन लिपीत. देवनागरीत छापलेले पुस्तक त्यांच्याच घराबद्दल असूनही त्यांच्यासाठी थोडे उंचावर ठेवलेले राहते. कोंकणीचा लिपीचा वाद लांबचा आहे आणि तो सोडवायला मी कोणी नाही. पण कार्मेलीनच्या पिढीतल्या एखाद्या बाईला स्वतःची गोष्ट दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली असेल, या विचाराने मला अजून अस्वस्थ व्हायला होते.

आता त्या मनाच्या अडचणीकडे येते.

आमच्या घरी कोंकणीबद्दल एक मत ठरलेले होते. ती मराठीची बोली, तिच्यात लिहायचे काय आणि वाचायचे काय, असे वडील म्हणत, आणि गोवा महाराष्ट्रात यायला हवा होता, हेही म्हणत. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जो जनमत कौल झाला त्याचे आकडे त्यांना पाठ होते. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. हे आकडे ते बुडीत उधारीच्या सुरात सांगत. एक गोष्ट मात्र ते सांगत नसत, आणि ती मला खूप नंतर कळली: वेगळे राहण्याच्या बाजूने ज्या वर्तमानपत्राने रान उठवले ते मडगावचे 'राष्ट्रमत' मराठी होते आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेले सदर मराठीत लिहिलेले होते. मराठीचे गोव्यातले हे सामर्थ्य आम्हांला घरी कधी अभिमानाने सांगितले गेले नाही.

या मतात मीही वाढले, पण माझ्या जिभेवर वेगळेच काही होते. आजी घरात मालवणी बोलत असे. 'माका', 'तुका', 'फाल्या'. चौथीत असताना मी निबंधात 'उद्या' ऐवजी 'फाल्या' लिहिले. गुरुजींनी त्या शब्दाखाली लाल शाईची रेघ ओढली आणि वही वर्गाला दाखवली. मुले हसली. मी त्यानंतर 'फाल्या' हा शब्द लिहिला नाही, आणि हळूहळू आजीशी बोलतानाही 'उद्या' म्हणू लागले. तिला ते कसे वाटले असेल हे मी तिला कधी विचारले नाही, आणि आता विचारता येणार नाही.

मावशीच्या शेजारणीच्या त्या कपाटातले कोंकणी पुस्तक वाचताना 'फाल्यां' छापलेले दिसले. शेवटी अनुस्वार, बाकी तोच. कागदावर, शाईत, लाल रेघेविना. साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली ती १९७५ साली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती १९९२ साली आली. या तारखा मी नंतर शोधल्या. माझ्यासाठी कोंकणी ही भाषा झाली ती त्या एका शब्दाच्या ओळीवर, आणि तिथून पुढे मराठीवरचे माझे प्रेम कमी झाले असेही नाही. मराठी माझ्या हातात जरा सैल झाली, एवढेच म्हणेन.

मावजो यांचे लेखन आणि त्यांचा भाषेचा लढा वेगळे काढता येत नाहीत. १९८५ पासून कोंकणी प्रजेचो आवाज या संघटनेच्या झेंड्याखाली राजभाषेसाठी जे आंदोलन झाले त्यात ते कार्यकर्ते म्हणून उभे होते. आंदोलन तापले तेव्हा रस्ते अडवले गेले, गोव्याकडून येणारा आमच्या दुकानाचा माल दिवसेंदिवस अडला, वडिलांचा पारा चढला. त्या डिसेंबरात, १९८६ च्या, हिंसाचारही झाला आणि आंदोलनात सात जणांचे प्राण गेले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोव्याच्या विधानसभेने राजभाषा कायदा केला, देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही कायद्यात जागा ठेवली गेली, आणि ३० मे रोजी गोवा राज्य झाले. आमच्या दुकानात त्या दिवसांत या सगळ्याबद्दल जे बोलले जाई ते इथे लिहावेसे वाटत नाही. एवढेच लिहिते की त्या बोलण्यात समोरच्या बाजूला कोणी कथा लिहिणारा, पुडी बांधणारा, आमच्या वडिलांसारखाच एक दुकानदार उभा असेल, असे आम्हां कोणाच्या मनातही आले नाही.

लढ्यात असलेला लेखक बहुधा आपल्या बाजूची माणसे गोरी आणि समोरची काळी रंगवू लागतो. मावजो यांच्या कथांत हे होत नाही, याचे मला सर्वांत जास्त मोल वाटते. त्यांची एक कथा आहे, इंग्रजी भाषांतरात तिचे नाव 'टेरेझाज मॅन' असे आहे. पीटर हा बेकार नवरा, तेरेझा ही नोकरीला जाणारी बायको. कथेचे नावच असे की नवऱ्याला स्वतःची ओळख उरलेली नाही, तो तिचा कोणीतरी आहे. गावातले टोमणे, स्वतःचा रिकामा दिवस, तिला यायला झालेला उशीर, या सगळ्यांनी तो आतून पोखरत जातो आणि त्याचा हात उठतो. कथा त्या हाताला कुठेही माफ करीत नाही. पण तो रिकामा दिवस कसा सरकतो हेही ती तितक्याच बारकाईने दाखवते, आणि वाचून झाल्यावर आपल्याला राग येतो तो फक्त पीटरचा येत नाही.

दुसरी एक कथा बर्गरची आहे. शाळेतल्या दोन मैत्रिणी, एक ख्रिस्ती, आयरीन, आणि एक हिंदू, शर्मिला. डब्यातला बर्गर दोघी वाटून खातात, आणि मग आयरीनच्या ध्यानात येते की त्यात गोमांस होते. तिथून पुढे त्या लहान मुलीच्या मनात जे चालते ते इतके खरे आहे की मी ती कथा वाचताना मध्येच पुस्तक मिटून ठेवले होते. पाप कोणाचे, सांगायचे की नाही, सांगितले तर मैत्रीण राहील का. मोठ्यांनी वर्षानुवर्षे तापत ठेवलेला विषय एका मुलीच्या डब्यात येऊन पडतो आणि त्याचा चटका तिला बसतो. शेवट मी सांगत नाही. ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी तो स्वतः गाठावा.

ही कथा लिहिणाऱ्याच्या जिवाला धोका आहे, असे पोलिसांना एके दिवशी वाटावे, हे या देशात घडले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारी २०१५ रोजी ते गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांची. लंकेश यांच्या हत्येच्या तपासातून मिळालेल्या माहितीवरून २०१८ च्या जुलैमध्ये मावजो यांना पोलिसांचे संरक्षण देण्यात आले. धर्माच्या नावाने चालणाऱ्या धाकदपटशाविरुद्ध ते जाहीरपणे बोलत आले होते. ही बातमी वाचली तेव्हा ते चौऱ्याहत्तरीत होते. ज्या माणसाचे आयुष्य कोणीही उठून यावे अशा उंबऱ्यावर गेले, त्याच्या दाराशी बंदूकधारी शिपाई, हे चित्र मला कित्येक दिवस सोडत नव्हते. दुकानाला दार असते ते रात्री लावण्यापुरते. दिवसा येणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. ते लिहीत राहिले, बोलत राहिले.

त्यांची अलीकडची कादंबरी २०२० साली आली, त्यांच्या वयाच्या पंचाहत्तरीनंतर. तिचे नाव 'जीव दिवं काय च्या मारूं', म्हणजे जीव देऊ की चहा मारू. आईवडिलांच्या मायेला पारखा झालेला विपीन नावाचा मुलगा तिच्या मध्यभागी आहे, आणि मरण त्याच्या विचारात सारखे येत-जात असते. या वयाचा लेखक बहुधा मागे वळून आपले बालपण, आपला गाव, आपला गेलेला काळ लिहितो. मावजो यांनी एका आजच्या तरुण मुलाच्या एकटेपणाकडे पाहिले. आणि नावात चहा आला! मरणाच्या समोर ठेवायला त्यांना तत्त्वज्ञान सुचले नाही, कपभर चहा सुचला. हे दुकानदारालाच सुचावे असे मला वाटते. जेरी पिंटो यांनी या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर केले आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये मावजो यांना ज्ञानपीठ जाहीर झाले. कोंकणीचे हे दुसरे ज्ञानपीठ, पहिले रवीन्द्र केळेकर यांचे. २०११ च्या जनगणनेत कोंकणी मातृभाषा सांगणारे साडेबावीस लाख होते, मराठी सांगणारे आठ कोटींवर. मी हे आकडे भाषांची तुलना करण्यासाठी देत नाही. साडेबावीस लाख माणसांच्या, त्यांतही दोन-तीन लिप्यांत विखुरलेल्या भाषेत पन्नास वर्षे कथा लिहीत राहणे म्हणजे काय, हे मराठीत लिहिणाऱ्यांनी कधीतरी शांतपणे मनात आणावे, असे वाटते. आपण वाचक कमी झाल्याची तक्रार किती सहज करतो.

पुरस्काराची बातमी आली तेव्हा मी गावी होते. दुकान बंद होऊन सहा वर्षे झाली होती. वडील चौऱ्याऐंशीचे, डोळ्यांनी अधू, सकाळी ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पावलांवरून माणूस ओळखणारे. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. ती बातमी वाचली. ते काही बोलले नाहीत. मग मी म्हटले, हे माजोर्ड्याचे दुकानदार. त्यावर त्यांनी मान वळवली आणि विचारले, कसले दुकान? मी सांगितले, गावातले, आपल्यासारखेच. बराच वेळ गेला. मग म्हणाले, वाच बघू काय लिहितो तो.

'कार्मेलीन' मी त्यांना कोंकणीतूनच वाचून दाखवली, रोज दुपारी, जेवणानंतर, पंधरा-वीस पाने. भाषांतर हाताशी असते तरी मी घेतले नसते. मनात थोडा हट्ट होता. पहिल्या दिवशी मी मध्येच थांबून एका शब्दाचा अर्थ सांगू लागले, तेव्हा त्यांनी हाताने खूण करून थांबवले. समजत होते. सगळे समजत होते. ज्या भाषेला ते आयुष्यभर भाषा म्हणायला तयार नव्हते ती त्यांच्या आईच्या बोलण्यासारखी त्यांच्या कानात शिरत होती आणि त्यांना कुठेही अडखळायला होत नव्हते. मी त्याबद्दल काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत. कुवेतच्या भागात ते डोळे मिटून बसत, आणि एकदोनदा मला वाटले की झोप लागली. म्हणून थांबले, तर लगेच म्हणाले, पुढे.

एके दुपारी वाचता वाचता मी पुस्तकाच्या शेवटाकडे आले होते. बाहेर पावसाची झड होती आणि ओटीवर ओलावा आला होता. कार्मेलीनचे कष्ट, तिने पाठवलेले पैसे, तिची मुलगी, हे सगळे ऐकून झाले होते. त्यांचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता, बोटे जरा पसरलेली, खाली वही असावी तसा. ते म्हणाले, "तिचां दुकानातलां देणां फिटलां काय गो?"

मला आठवेना. मी पाने मागे उलटून शोधू लागले.